दप्तरातला इतिहास

पहिली-दुसरीच्या मुलांना गणित शिकवायचं तर त्यांच्या हातात मणी देता येतात, चिंचोके देता येतात. विज्ञानासाठी वाटीभर मटकी भिजत घातली की दोन दिवसांत मोड येतात आणि वर्ग हरखून जातो. इतिहासाच्या तासाला मुलांच्या हातात काय द्यायचं? पुस्तक. मग वाचा, अधोरेखित करा, पाठ करा आणि रिकाम्या जागा भरा. जो विषय माणसांनी भरलेला आहे, तो आपल्या शाळांमधून रिकाम्या जागांचा विषय होऊन बसला. चौथीचं मूल सन सांगतं, पण तो सन म्हणजे काय, हे त्याला कळलेलं नसतं. त्याचा दोष मुलाकडे नाही.

मला वाटतं, इतिहासाच्या तासाला हातात द्यायची पहिली वस्तू मुलांच्या पाठीवरच असते. ती म्हणजे दप्तर. हा शब्द फारसीतून आला. दफ्तर म्हणजे कागदपत्रांचा संग्रह, हिशेबाच्या वह्या, कचेरी. पुण्यात पेशवे दफ्तर आहे. तिथे मोडी लिपीतले असंख्य कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत आणि त्या गाठोड्यांना आजही रुमाल म्हणतात. त्या रुमालांतून निवडून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ भाग छापले गेले. आपल्या पोरांच्या पाठीवर जे ओझं आहे, त्याचं आणि त्या कागदांच्या ढिगाचं नाव एकच आहे. कागद, शाई, तारीख, हजेरी, खुर्ची हे शाळेतले रोजचे शब्दही असेच दूरचा प्रवास करून आपल्या तोंडी बसले. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तोही इतिहासच. आज आपण ‘सिंधुदुर्ग किल्ला’ असं सहज म्हणतो. त्यात दुर्गही आहे आणि किल्लाही. सात वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा. आपण बोलतो त्या शब्दात इतिहास बसलाय म्हटल्यावर ते मूल चकित होतं आणि पुढचा शब्द विचारतं.

दुसरी अडचण काळाची. ‘साडेतीनशे वर्षांपूर्वी’ असं आपण म्हणतो, पण ज्याला गेल्या वर्षीची दिवाळी धूसर आठवते, त्याला साडेतीनशे वर्षं कशी कळणार? त्याला आजी कळते. आजीलाही आजी होती, हे सांगितलं की थोडं हसून कळतं. म्हणून मुलांना मैदानात न्यावं. एक पिढी साधारण पंचवीस वर्षांची धरावी आणि एकेका मुलाला एकेक पिढी करावं. तीन मुलं हात धरून उभी राहिली की आपण देश स्वतंत्र झाला त्या १९४७ च्या जवळ पोहोचतो. दहा-अकरा मुलं उभी राहिली की पानिपत, १७६१. चौदा मुलं झाली की रायगडावरचा राज्याभिषेक, १६७४. चौदाव्या मुलाचा हात पहिल्याच्या हाताला तेरा हातांतून लागलेला असतो. मुलं हे विसरत नाहीत. आणि त्यांच्या लक्षात येतं की तो काळ दूर आहे, पण तुटलेला नाही.

आता खरा प्रश्न येतो. त्या चौदाव्या मुलाच्या काळात काय घडलं, हे आपल्याला कळलं कसं? प्राथमिक शाळेत इतिहास म्हणून एकच गोष्ट शिकवायची असेल, तर मी हा प्रश्न शिकवेन. कशावरून?

त्यासाठी फळ्यावर तीन रकाने पुरेत. दिसतं, लिहिलंय, म्हणतात. जे डोळ्यांनी बघता येतं ते पहिल्यात. त्या काळच्या कुणी लिहून ठेवलेलं दुसऱ्यात. पिढ्यान् पिढ्या सांगत आलेलं तिसऱ्यात. हे तीन शब्द शिकवायला संशोधक लागत नाही आणि ते समजायला मूल मोठं व्हावं लागत नाही.

जुन्नरजवळचा नाणेघाट घ्या. कोकणातून देशावर येणारी ही जुनी वाट. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, तो दिसतो. व्यापारी त्यात जकात टाकत, असं म्हणतात. शेजारच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे, तो लिहिलेला आहे आणि त्यात आकडेही कोरलेत. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. वर नावं राहिली, खाली पायांच्या खुणा राहिल्या, मधली माणसं गेली. दोन हजार वर्षं म्हणजे ऐंशी मुलांची रांग. जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत एवढी मुलंही नसतात. ‘आपल्या शाळेतली सगळी मुलं उभी केली तरी तिथं पोहोचता येत नाही,’ एवढं एक वाक्य मुलाला सनावळीहून अधिक शिकवतं.

महाराष्ट्रात अर्धशतकाहून अधिक काळ चौथीची मुलं शिवरायांचा इतिहास शिकत मोठी झाली. पिढ्यांना जोडणारा तेवढा मोठा दुसरा धडा आपल्याकडे नाही. पण किती मुलांना कुणी सांगितलं की महाराजांची जन्मतारीखसुद्धा शोधावी लागली? कितीतरी वर्षं १६२७ हे जन्मसाल सांगितलं जात होतं. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात एक शकावली जपून ठेवलेली होती. म्हणजे कोणत्या साली काय घडलं त्याची जुनी टिपणं. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा दिला होता. परमानंदाच्या शिवभारतातही तोच दिवस सापडला. पुढे कित्येक वर्षं अभ्यासकांचे वाद झाले आणि अखेर या शतकाच्या सुरुवातीला शासनानं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. एका घराण्यानं जपलेल्या कागदानं सगळ्या महाराष्ट्राला तारीख बदलायला लावली. हे ऐकलेलं मूल घरच्या माळ्यावरचे जुने कागद रद्दीत देताना दोनदा विचार करील. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर गावोगाव हिंडले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांनी उभे केले, तेही असल्याच कागदांतून.

कुणी म्हणेल, एवढ्याशा मुलांसमोर असं पारखत बसलं तर गोष्टीतली गोडी जाईल. मी कवी आहे, गोडी घालवायला मी सांगणार नाही. तानाजी मालुसरे यांनी फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगड घेतला आणि त्यात ते पडले, हा इतिहास. घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढले, ही पोवाड्यानं जपलेली गोष्ट. तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं आपण ऐकत आलो, पण सिंहगड हे नाव त्याआधीच्या कागदांत आढळतं, असं अभ्यासकांनी दाखवून दिलंय. म्हणून काय घोरपड वर्गाबाहेर काढायची? मुळीच नाही. पोवाडा म्हणावा, रंगवून म्हणावा. शेवटी एवढंच सांगावं की हा पोवाडा आहे, आणि घोरपड ‘म्हणतात’च्या रकान्यात जाते. तानाजींचं शौर्य त्यानं तसूभर कमी होत नाही. लोकांना त्यांच्याविषयी काय वाटलं, हे तर त्या घोरपडीमुळेच कळतं.

इथवर ठीक आहे. पण मी हे सगळं आग्रहानं का सांगतो, त्यामागे एक चौथीचा वर्ग आहे. आमच्या घरात दखनी बोलत, शाळेत मराठी. महाराजांच्या गोष्टी मला तोंडपाठ होत्या. एके दिवशी अफझलखानाच्या भेटीचा धडा सुरू झाला. शामियाना, मिठी, वाघनखं. मी श्वास रोखून ऐकत होतो आणि महाराज वाचले तेव्हा इतरांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. मग वर्गातल्या काही माना मागे वळल्या, माझ्या बाकाकडे. कुणी काही बोललं नाही. शिकवणाऱ्यांनीही काही वाईट शिकवलं नव्हतं, धडा पुस्तकातलाच होता. पण गोष्ट ऐकताना मी महाराजांच्या बाजूला बसलो होतो, आणि त्या माना वळल्यावर मला कळलं की माझी जागा परस्पर बदलण्यात आली आहे. महाराष्ट्रातल्या किती वर्गांत किती मुलांच्या जागा अशा बदलल्या असतील, त्याची नोंद कुठल्या दप्तरात नाही.

त्या वळलेल्या मानांना उत्तर काय? अफझलखानाचा धडा गाळायचा? नाही. तो १० नोव्हेंबर १६५९ चा प्रसंग मराठ्यांच्या इतिहासातलं मोठं वळण आहे, तो शिकवलाच पाहिजे. मात्र पूर्ण शिकवला पाहिजे. खानाचा वकील कोण? कृष्णाजी भास्कर. महाराजांसोबत निवडक दहा अंगरक्षक होते, त्यांत सिद्दी इब्राहिमचं नाव येतं. आणि सर्वांत बोलकी गोष्ट मावळातल्या दोन देशमुखांची. शेजारशेजारची गावं. उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. कारीच्या कान्होजी जेध्यांनी आदिलशाही फर्मान आलेलं असतानाही वतनावर पाणी सोडलं आणि ते मुलांसह महाराजांपाशी आले. हे तेच जेधे, ज्यांच्या घराण्यातल्या शकावलीनं पुढे महाराजांची जन्मतारीख सांगितली. दोन्ही घरांची भाषा एक, देव तेच. मग एक तिकडे आणि एक इकडे का गेला? हा प्रश्न चौथीच्या मुलाला विचारा. ते म्हणेल, एकाला वतन वाचवायचं होतं, दुसऱ्यानं शब्द पाळला. हे उत्तर पाचशे पानांच्या ग्रंथाला शोभेल.

त्या काळी माणसं कुणाची चाकरी करत, कुणाचं मीठ खात, कुणाला शब्द देत, यावर बाजू ठरायच्या. पुरंदरला वेढा घालून १६६५ मध्ये महाराजांना तेवीस किल्ले द्यायला लावणारा मोगलांचा सेनापती मिर्झाराजा जयसिंग होता. सिंहगडावर तानाजींसमोर उभा ठाकलेला मोगलांचा किल्लेदार उदेभान राठोड होता. पानिपतावर मराठ्यांच्या तोफा इब्राहिमखान गारदी सांभाळत होता आणि त्यानं त्याची किंमत जिवानं चुकवली. हे सांगताना एक काळजी मात्र घ्यायला हवी. ‘महाराजांच्या सैन्यात मुसलमानही होते’ अशी यादी वाचून दाखवायची आणि मागच्या बाकावरच्या मुलाच्या पाठीवर थाप मारायची, हा इलाज नव्हे. त्या मुलाला आपल्या नावाच्या लोकांचा दाखला का आणावा लागावा? बाकीच्यांना लागत नाही. सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न विचारावा, की या माणसानं असं का केलं आणि आपल्याला ते कशावरून कळलं. असा प्रश्न विचारणाऱ्या वर्गात माना फळ्याकडे राहतात.

आणि माप एकच ठेवावं. आपल्याला प्रिय असलेल्यांनाही तेच लावावं. सावित्रीबाई फुले यांच्यासोबत काम करणाऱ्या फातिमा शेख यांच्याविषयी मला अभिमान आहे. पण त्यांच्याविषयी लिहिलेलं काय आहे? सावित्रीबाईंनी आजारपणात नायगावहून १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. तिच्यावर कामाचा ताण पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशा अर्थाचा. त्यांची जन्मतारीख, शिक्षण, घरची हकीकत म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं ‘म्हणतात’च्या रकान्यात ठेवावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये तर अशी बाई नव्हतीच, असाही दावा झाला. त्यावर चिडण्यापेक्षा मुलांना ते पत्र दाखवावं. एक ओळ म्हणजे चरित्र नव्हे, पण एक ओळ म्हणजे काहीच नाही असंही नव्हे. मला विचाराल तर त्या एका ओळीत मैत्री पुरेपूर दिसते, आणि ते सांगायला जन्मतारीख लागत नाही.

आता हे सगळं पस्तीस मिनिटांच्या तासात कसं बसवायचं, असा शिक्षकांचा प्रश्न असणार, आणि तो रास्त आहे. एकाच खोलीत दोन इयत्ता, त्यात माहिती भरायचे नाना कागद. पण पुस्तकंही बदलत आली आहेत. २०१४ च्या सुमारास तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या जिल्ह्यानुसार वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर पाचवीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहास म्हणजे काय या प्रश्नानं झाली. पुस्तकानं दार उघडलं तरी बाहेर पडावं लागतं शाळेलाच.

आणि फार लांब जायची गरज नाही. मुख्याध्यापकांच्या कपाटात जनरल रजिस्टर असतं. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख त्यात असते. राज्यात शंभरी ओलांडलेल्या पुष्कळ शाळा आहेत. ते रजिस्टर एकदा वर्गात उघडावं आणि मुलांना एक शोध लावायला सांगावा: आपल्या शाळेत पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली? त्यानंतर दुसरी किती वर्षांनी आली? ती कितवीत असताना नाव कमी झालं? मुलं बोट फिरवत नावं वाचतात आणि अचानक एखादा ओरडतो, ‘हे माझ्या आजोबांचं नाव!’ सावित्रीबाईंनी काय केलं, हे त्या रजिस्टरच्या पहिल्या काही पानांवरची मुलींची रिकामी जागा बघून जेवढं कळतं, तेवढं भाषणातून कळत नाही. इतिहासातली ही रिकामी जागा मात्र मुलांनी जरूर बघावी.

दुसरा शोध १९७२ च्या दुष्काळाचा. तो पाहिलेल्या आज्या गावोगाव आहेत. मुलांनी घरी विचारावं, ‘आजी, तेव्हा तू काय खाल्लंस?’ ती सुकडीचं सांगेल, परदेशातून आलेल्या लाल मिलोचं सांगेल, उन्हात खडी फोडल्याचं सांगेल. हे झालं ‘म्हणतात’. मग गावाबाहेरचा पाझर तलाव किंवा रस्ता बघायला जावं, दुष्काळी कामावर झालेला. हे झालं ‘दिसतं’. मग ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडे त्या सालची काही नोंद मिळते का, ते शिक्षकांनी बघावं. तीन रकाने भरले की चौथीच्या वर्गानं आपल्या गावाचा इतिहास लिहिला. कधी आजी एक सांगेल आणि कागद दुसरं सांगेल. अशा वेळी आजीला खोटं पाडायचं नाही आणि कागदालाही डोळे मिटून मान द्यायचा नाही. दोन्ही लिहून ठेवायचं. लिहिणाऱ्या कारकुनाला खडी फोडणाऱ्या बाईचे हात दिसले नसतील, आणि आजीला पन्नास वर्षांनी तारीख आठवत नसेल.

परीक्षेत याला गुण कसे द्यायचे? रिकाम्या जागांच्या शेजारी एक प्रश्न वाढवावा: पुढील तीन वाक्यांपैकी कोणतं दिसतं, कोणतं लिहिलंय आणि कोणतं म्हणतात? एवढा एक प्रश्न जरी आला तरी शिकवण्याची रीत बदलेल, कारण आपल्याकडे जे परीक्षेत येतं ते शिकवलं जातं.

ही मुलं पुढे मोठी होतील. त्यांच्या हातात मोबाइल असेल, बऱ्याच जणांच्या आत्ताच आहे. रोज सकाळी कुणीतरी त्यांना एक चित्र पाठवील, खाली चार ओळींचा इतिहास, आणि शेवटी ‘सर्वांना पाठवा’. त्या चार ओळींवरून गावात दगड उचलला जाऊ शकतो, हे आपण पाहिलेलं आहे. पाठवायचं बटण दाबण्याआधी त्या अंगठ्याला क्षणभर थांबवणारा एकच शब्द आहे, आणि तो चौथीच्या आतच रुजवावा लागतो. कशावरून?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)